टेनिसची बॅग: आत नेमकं काय आणि किती?

सकाळचा_सर्व्ह:
नमस्कार मंडळी. पुण्यात सिंथेटिक हार्ड कोर्टवर आठवड्यातून तीन दिवस डबल्स, सकाळी साडेसहा ते आठ. तीन रॅकेटची बॅग घेतली खरी, पण आत एक रॅकेट, एक बाटली आणि नॅपकिन एवढाच ऐवज. उन्हाळा लागल्यापासून तीन तक्रारी आहेत: हातातून रॅकेट फिरते, दुसऱ्या सेटला पोटरीत गोळे येतात आणि बॉलचा नवा कॅन आठवड्यात मेल्यासारखा होतो. बॅगेत काय, किती आणि का ठेवायचं ते सांगा. नुसती यादी नको, ती दुकानदारानेही दिली होती.

गटिंग_५२:
रॅकेट फिरते म्हटल्यावर आधी सनस्क्रीनवर संशय घ्या, ग्रिपवर नंतर. कोर्टवर पोचून घाईत हातापायाला चोपडलं की तळहातावर तेलकट थर राहतो आणि तो नॅपकिनने निघत नाही. घरीच निघण्याआधी वीस मिनिटं लावा, मग तळहात साबणाने धुवा. बॅगेत स्टिक ठेवा, म्हणजे पुन्हा लावताना बोटं लागत नाहीत.

आता ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर वरून गुंडाळायची पट्टी. दोन जाती आहेत. चिकट जातीची पहिल्या दिवशी हाताला छान वाटते, पण घाम मुरला की काचेसारखी होते. कोरड्या जातीची कागदासारखी खरखरीत लागते आणि ओलसर झाली की उलट जास्त धरते, मात्र झिजते लवकर. घामट हाताला कोरडीच घ्या. मे महिन्यात चार-पाच वेळा खेळलात की बदला, आणि बॅगेत कायम दोन सुट्या असू द्या. जुनीवर नवी चढवू नका. एका थराने मूठ साधारण अर्ध्या साइझने वाढते. दोन थर झाले की पकड आवळावी लागते आणि कोपर बोलायला लागतं.

गुंडाळताना निमुळतं टोक तळाच्या टोपीपाशी धरा, वरचा प्लास्टिकचा पापुद्रा आधी काढा (हा विसरणारे पुष्कळ), तळाशी एक पूर्ण वेढा द्या आणि मग तीन-चार मिलिमीटर एकावर एक घेत वर जा. हलका ताण पुरे. फार ओढली तर पातळ होऊन दोन दिवसांत फाटते. डावखुऱ्यांनी वेढे उलट दिशेने घ्यावेत, नाहीतर मूठ वळताना कडा उचकटतात.

छोटी कात्री हवीच, आणि ती फक्त ग्रिपसाठी नाही. गट (रॅकेटच्या तारा) तुटलं की उरलेलं तिथेच कापून टाका, मधून बाहेर, एक उभी एक आडवी अशा क्रमाने. एकाच बाजूने ताण राहिला तर फ्रेम वाकू शकते. दुसरी रॅकेट ठेवायची तर तेच गट आणि तेवढेच पाउंड, म्हणजे तारांचा ताण तेवढाच. माळ्यावरची जुनी काढून आणलीत तर निम्मा सेट अंदाज घेण्यातच जातो. डँपनर (तारांचा कंप कमी करणारा छोटा रबरी तुकडा) एक जास्तीचा ठेवा, तो हमखास उडून हरवतो. नियमाने तो आडव्या-उभ्या तारांच्या जाळीच्या बाहेरच बसवायचा.

आणि बॅग गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हातल्या बंद गाडीत गट सैल पडतं. चंदेरी अस्तराचा कप्पा उष्णता थोडी उशिरा आत येऊ देतो, अडवत नाही.

नेटजवळचा:
बॉलचं गणित सोपं आहे. बंद कॅनमध्ये हवेचा दाब बाहेरच्या जवळपास दुप्पट असतो. झाकण उघडताना फुस्स आवाज येतो तो त्याचाच. उघडल्या क्षणापासून बॉलमधला दाब रबरातून झिरपत राहतो, खेळा किंवा नका खेळू. कॅनवरचं प्लास्टिकचं झाकण परत लावून काही उपयोग नाही, ते दाब धरत नाही. त्यामुळे दोन कॅन आणले तरी एकच उघडा, दुसरा सीलबंद राहू द्या.

मेलाय की नाही हे पिळून बघू नका, टाकून बघा. नियमाप्रमाणे 254 सेंटिमीटरवरून सोडलेला बॉल 135 ते 147 उसळायला हवा. घरी भिंतीवर 150 ला खूण करा. 80 च्या खाली राहिला तर तो सर्व्हच्या सरावाच्या पिशवीत. तुम्ही हार्ड कोर्टवर खेळता, तेव्हा जाड लोकरीचा, म्हणजे कॅनवर ‘एक्स्ट्रा ड्यूटी’ लिहिलेला घ्या. मातीच्या कोर्टचा पातळ लोकरीचा बॉल सिंथेटिकवर लवकर टकला होतो.

मीठ_साखर_पाणी:
गोळे फक्त मीठ कमी पडल्याने येतात असं नाही, दमलेला स्नायूही आखडतो. तरी एका बाटलीवर दीड तास काढणं मे महिन्यात चूकच. एक लिटर साधं पाणी आणि अर्धा लिटर ओआरएस न्या. बाजू बदलताना दर वेळी तीन-चार मोठे घोट, तहान लागायची वाट न बघता.

इथे लोक हमखास चुकतात. एक लिटरचं पाकीट फोडून अंदाजाने अर्धं बाटलीत, अर्धं रबर लावून कप्प्यात. पावडरीत मीठ-साखर सारखी पसरलेली असेलच असं नाही, शिवाय उघडं पाकीट ओल धरून खडा होतं. घरी पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात कालवा आणि त्यातलं अर्धा लिटर न्या, किंवा 200 मिलीची छोटी पाकिटं घ्या. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या. नुसती गोड पेयं हे काम करत नाहीत. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खायला तीन-चार खजूर किंवा दोन वेलची केळी. केळी बॉलच्या रिकाम्या कॅनमध्ये बरोबर बसतात आणि चेंगरत नाहीत. कॅनची कड धारदार असते, तेवढी टेपने झाका.

सकाळचा_सर्व्ह:
भारी माहिती, धन्यवाद. सनस्क्रीनचं डोक्यातच आलं नव्हतं. पण दुसऱ्या रॅकेटचं बजेट सध्या नाही. पाच-सहा हजार आहेत, ते कुठे घालू? बूट पळण्याचे आहेत, चालतील ना?

कोर्टशूज:
नाही चालणार. सगळ्यात आधी तेच बदला. पळण्याचा बूट पुढे जाण्यासाठी बनवतात: टाच उंच, बाजू मऊ. टेनिसमध्ये निम्मी धाव आडवी असते, त्यात तो कलंडतो आणि घोटा मुरगळतो. हार्ड कोर्टचे नॉन-मार्किंग, म्हणजे कोर्टवर डाग न पाडणाऱ्या तळाचे घ्या, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना घालून बघा, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. ही जागा नसेल तर थांबताना नख आपटून काळं पडतं. बूट बॅगेतून न्या, कोर्टपर्यंत चपला. रस्त्यावरची खडी तळात अडकली की तळही जातो आणि कोर्टही. उरलेल्या पैशांत नवं गटिंग करा. पॉलिएस्टर असेल तर ते न तुटताही मरतं. आठवड्याला तीनदा खेळणाऱ्याने वर्षातून तीनदा बदलावं असा ढोबळ हिशेब आहे. दुसरी रॅकेट नंतर, सेकंडहँड चालेल, पण मॉडेल तेच.

बाजूच्या कप्प्यात दोन जोड मोजे (पहिला सेट संपला की बदला, फोड कमी येतील), दोन नॅपकिन, एक रिस्टबँड, दहा सेंटिमीटरचं क्रेप बँडेज, मायक्रोपोर टेप, चार-पाच पट्ट्या. फोडाचं कातडं सोलू नका, वर पट्टी लावा. घोटा मुरगळला तर बँडेज बांधून पुढचा गेम खेळू नका, त्या दिवसापुरता खेळ संपला.

ओल्या कपड्यांना वेगळी पिशवी हवी. घरी गेल्या गेल्या बॅग पूर्ण रिकामी करून चेन उघडी ठेवून टांगा, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. पावसाळ्यात नॅपकिन एक रात्र आत राहिला तरी अस्तराला बुरशीचा वास धरतो आणि मग तो जात नाही.

नेटजवळचा:
एक राहिलं. शिंप्याची टेप टाका कुठल्या तरी खिशात. नेट मध्ये 91.4 सेंटिमीटर, खांबांपाशी 107. सोसायटीच्या कोर्टवर मधला पट्टा बहुतेक सैल सुटलेला असतो आणि नेट चार-पाच सेंटिमीटर वर. सर्व्ह का अडकतोय म्हणून लोक महिनाभर टॉस (सर्व्हसाठी बॉल वर फेकणं) बदलत बसतात.