विषय : मोठ्या लढती आणि हरवलेला प्रेक्षक

प्रेषक : क्रीडा समिती
प्रति : सर्व सभासद

सस्नेह नमस्कार.

क्रिकेटचा अंतिम सामना आपण सभागृहात एकत्र पाहिला होता, तसाच या हिवाळ्यात बॉक्सिंगच्या एखाद्या मोठ्या लढतीचा कार्यक्रम ठेवावा, अशी सूचना समितीकडे आली आहे. त्याविषयी चौकशी केल्यावर दोन अडचणी लक्षात आल्या.

पहिली अडचण परवान्याची आहे. घरी बसून पाहण्यासाठी भरलेल्या पैशांत सभागृहात दाखवण्याचा हक्क मिळत नाही. त्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो, आणि पे-पर-व्ह्यूच्या, म्हणजे प्रत्येक लढतीचे वेगळे पैसे मोजून पाहण्याच्या, लढतींसाठी त्याचे शुल्क सभागृहाच्या आसनक्षमतेनुसार वाढत जाते. नेटफ्लिक्सवर लागणारी लढतसुद्धा घरच्या वर्गणीच्या आधारावर मंडळात दाखवता येणार नाही.

दुसरी अडचण अधिक विचार करायला लावणारी आहे. कोणती लढत पाहायला आवडेल, असे आम्ही सभासदांना विचारले होते. आलेल्या उत्तरांत मुहम्मद अली आणि माईक टायसन यांची नावे वारंवार होती, परंतु २०२४ साली हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटाचा, निर्विवाद जगज्जेता ठरलेला ओलेक्झांडर उसिक याचा उल्लेख एकाही उत्तरात नव्हता. ज्या खेळातील विजेता कोणाला ठाऊक नाही, त्याच्या लढतीला लोक येतील का? जाणकारांनी कृपया आपले मत कळवावे.

आपली,
क्रीडा समिती

*

प्रेषक : एक ज्येष्ठ सभासद, पार्सिपनी
प्रति : सर्व सभासद

स. न. वि. वि.

समितीने हा प्रश्न विचारला याचा मला फार आनंद झाला, कारण गेली चाळीस वर्षे मी हा खेळ जिवापाड प्रेमाने पाहत आलो आहे आणि त्याचा प्रेक्षक कसा दूर गेला, हेही मी माझ्याच घरात पाहिले आहे.

मी १९८४ साली अमेरिकेत जर्सी सिटीत राहायला आलो. आमच्याकडे केबल नव्हती. फेब्रुवारी १९८६मध्ये एका रविवारी दुपारी एबीसी वाहिनीवर, म्हणजे साध्या अँटेनावर फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर, न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय या गावी झालेली एक लढत लागली होती. एकोणीस वर्षांचा माईक टायसन जेसी फर्ग्युसनशी लढत होता. आमच्या शेजारचे आजोबा, त्यांचा नातू आणि मी असे तिघे त्या एका संचासमोर बसलो होतो, आणि त्या दिवसापासून टायसनची लढत कधी आहे, हे आम्हाला कोणी सांगावे लागले नाही. मार्च १९८५ मध्ये व्यावसायिक झालेल्या या मुलाने नोव्हेंबर १९८६ मध्ये ट्रेव्हर बर्बिकला हरवून जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा ती त्याची अठ्ठाविसावी लढत होती. वीस महिन्यांत अठ्ठावीस लढती! २७ जून १९८८ रोजी अटलांटिक सिटीत त्याची मायकेल स्पिंक्सशी गाठ पडली, तेव्हा आम्ही चार मित्रांनी पैसे काढून ती लढत चित्रगृहाच्या पडद्यावर पाहिली. ती ९१ सेकंदांत संपली, तरी परतताना पैसे फुकट गेल्याची भाषा आमच्यापैकी कोणीही केली नाही, कारण आम्ही केवळ त्या ९१ सेकंदांचे पैसे मोजले नव्हते. त्याआधीची दोन वर्षे आमच्याजवळ होती.

आता ही दोन वर्षेच कोणाला मिळत नाहीत, असे माझे म्हणणे आहे. मी सांगली जिल्ह्यातला आहे. आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरायचा तेव्हा सुरुवात लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होत असे, मग नारळावरच्या, मग इनामाची रक्कम चढत जाई आणि दिवस कलताना शेवटची मोठी जोड मैदानात उतरे. मातीत उतरलेला मल्ल कोणाचा, कोणत्या तालमीचा, गेल्या वर्षी कोणाकडून चीत झाला, हे फडाभोवती बसलेल्या प्रत्येकाला माहीत असे, कारण त्यांतील बहुतेकांनी त्याला रेवड्यांसाठी लढताना पाहिलेले असे. अमेरिकेतील बॉक्सिंगने शेवटच्या कुस्तीचे तिकीट प्रचंड वाढवले आणि रेवड्यांच्या कुस्त्या लोकांच्या नजरेआड केल्या.

रेवड्यांच्या कुस्त्या म्हणजे काय, ते फिलाडेल्फियात पाहायला मिळे. नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर ब्लू होरायझन नावाचे जुने सभागृह होते. त्याचा सज्जा इतका पुढे झुकलेला होता की, वर बसलेल्या माणसाला ठोशाचा आवाज अंगावर आल्यासारखा वाटे. नव्वदच्या दशकात मी तेथे अनेकदा गेलो. यूएसए वाहिनीच्या मंगळवार रात्रीच्या बॉक्सिंगमध्येही हे सभागृह नेहमी दिसे. कामावरून थेट आलेली माणसे, मुलाला पहिल्या लढतीला घेऊन आलेले वडील, आदल्या पिढीतील वाकड्या नाकाचे बॉक्सर, असा तेथील प्रेक्षक असे, आणि चार फेऱ्यांच्या लढतीत हरलेल्या मुलालाही दाद मिळे. यूएसए वाहिनीचा तो कार्यक्रम १९९८ साली बंद झाला, ईएसपीएनचा शुक्रवार रात्रीचा कार्यक्रम २०१५ साली संपला आणि मधल्या काळात, २०१० साली, ब्लू होरायझनचे दरवाजेही लागले.

एचबीओ या वर्गणीच्या वाहिनीने जानेवारी १९७३ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथील फोरमन–फ्रेझर लढतीपासून बॉक्सिंग दाखवायला सुरुवात केली होती. २०१८ साली तिने ते थांबवले. शोटाइम या तशाच दुसऱ्या वाहिनीने २०२३ च्या अखेरीस थांबवले. दरम्यान २०१५ साली बॉक्सरांचे सल्लागार अल हेमन यांनी एक उलटा प्रयोग केला. त्यांच्या संस्थेने एनबीसी, सीबीएस अशा वाहिन्यांवरील वेळ स्वतःच पैसे मोजून विकत घेतली. वाहिनीने खेळाला पैसे देण्याऐवजी खेळानेच वाहिनीला पैसे द्यावेत, हे पाहताना मला मनापासून दुःख झाले, आणि तरीही तो प्रयत्न योग्य दिशेचा होता असे मी आजही मानतो, कारण काही महिने का होईना, शनिवारी रात्री कोणाच्याही घरात बॉक्सिंग फुकट दिसत होते. परंतु तो खर्च फार काळ पेलण्यासारखा नव्हता.

लढत पिकण्याआधी सडते, हा दुसरा आजार. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांच्या लढतीची बोलणी २००९ च्या अखेरीस सुरू झाली आणि उत्तेजक चाचणीच्या वादावरून फिसकटली. लढत झाली ती २ मे २०१५ रोजी, तेव्हा एक ३८ वर्षांचा होता आणि दुसरा ३६ वर्षांचा. ४६ लाख घरांनी जवळजवळ शंभर डॉलर मोजून ती विकत घेतली, हा आजवरचा विक्रम आहे. त्या रात्री माझ्या घरी पंधरा माणसे होती आणि त्यांतील निम्म्यांनी आयुष्यात प्रथमच बॉक्सिंगची लढत पाहिली. बारा फेऱ्या संपल्या, मेवेदर गुणांवर जिंकला आणि नंतर कळले की, पॅकियाओ दुखऱ्या खांद्यानिशी लढला होता. त्या पंधरांपैकी एकाही माणसाने पुढे मला दुसऱ्या लढतीविषयी विचारले नाही. बॉक्सिंगच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या विक्रीच्या रात्री प्रेक्षक दारापर्यंत आला होता आणि त्याला आत घेण्याची सोय नव्हती. एरल स्पेन्स आणि टेरेन्स क्रॉफर्ड यांचीही अशीच वर्षे गेली. स्पेन्सला २०१९ साली मोटारीचा भीषण अपघात झाला, २०२१ साली डोळ्याच्या पडद्याला इजा झाली, आणि जुलै २०२३ मध्ये अखेर जोड लागली तेव्हा क्रॉफर्डने नवव्या फेरीत ती संपवली.

विजेतेपदाच्या गोंधळाबद्दल थोडक्यात लिहितो. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संस्था आणि सतरा वजनगट आहेत. प्रत्येक गटात विजेतेपदाचे चार पट्टे, म्हणजे एकाच वेळी चार जगज्जेतेही असू शकतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव आणि धाराशिव येथे दोन वेगवेगळ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरल्या, एकीकडे सिकंदर शेख आणि दुसरीकडे शिवराज राक्षे विजयी झाला, तेव्हा आपल्याकडील कुस्तीप्रेमी किती व्यथित झाले होते, ते आठवावे. बॉक्सिंगमध्ये ही नित्याची स्थिती आहे. १८ मे २०२४ रोजी रियाध येथे उसिकने टायसन फ्युरीला हरवले आणि लेनॉक्स लुईसनंतर प्रथमच हेवीवेट गटाला एकच निर्विवाद विजेता मिळाला. परंतु आयबीएफने नेमलेल्या आव्हानवीराचा हक्क पुढे उभा राहिला आणि फ्युरीशी फेरलढत ठरलेली असल्याने उसिकला जून संपण्याच्या आत तो पट्टा सोडावा लागला. चोवीस वर्षे वाट पाहून मिळालेला विजेता सहा आठवडेही टिकला नाही. मग सभासदांना त्याचे नाव माहीत नाही, याचा दोष सभासदांना कसा द्यावा?

सौदी अरेबियाच्या पैशामुळे अडलेल्या जोडी लागू लागल्या, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. मात्र जेथे खर्च प्रेक्षकांकडून भरून येण्याची गरजच नसते, तेथे प्रेक्षक जोडण्याची निकडही कोणाला वाटत नाही, ही काळजी मला आहे.

आपला स्नेहांकित,
(पार्सिपनी)

*

प्रेषक : एक सभासद, प्रिन्सटन
प्रति : सर्व सभासद

आदरणीय काका,

सादर नमस्कार. आपले पत्र मी दोनदा वाचले. आपल्या निदानातील बराच भाग मला पटतो, परंतु फुकट प्रक्षेपण हेच औषध आहे, हे पटत नाही.

१९५० च्या दशकात अमेरिकेत बॉक्सिंग आठवड्यातून अनेक रात्री फुकट दिसत होते, आणि त्याच काळात गावोगावची छोटी बॉक्सिंग सभागृहे बंद पडली, कारण घरी दिसणाऱ्या गोष्टीसाठी तिकीट कोण काढणार? म्हणजे आपण ज्यांना रेवड्यांच्या कुस्त्या म्हणता, त्यांचा पहिला घास दूरचित्रवाणीनेच घेतला. शिवाय घराघरांत दिसणे म्हणजे मृत्यूही घराघरांत दिसणे. मार्च १९६२ मध्ये एमिल ग्रिफिथविरुद्धच्या लढतीत बेनी पारेटला जीवघेणी दुखापत झाली, ती देशाने थेट पाहिली. नोव्हेंबर १९८२ मध्ये सीबीएसवरील लढतीनंतर कोरियाचा किम डुक-कू दगावला आणि मोठ्या वाहिन्यांचा उत्साह आणखी ओसरला. मी स्वतः दोन मुलांची आई आहे. हा प्रश्न मला बाजूला ठेवता येत नाही.

दुसरे असे की, जो माणूस वर्षातून एकदा किंवा दोनदा आपला मेंदू पणाला लावतो, त्याने भरपूर पैसे मागितले तर त्यात गैर काय? यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या कंपनीचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे एकच कंपनी जोडी ठरवते, पट्टा देते आणि लढती वेळेवर होतात. परंतु तेथील लढवय्यांना उत्पन्नाचा वाटा फार कमी मिळतो, आणि त्याबाबतच्या दाव्यात त्या कंपनीला ३७.५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. बॉक्सिंगमध्ये प्रवर्तक आणि व्यवस्थापक वेगळे असावेत, लढतीचे हिशोब उघड करावेत, यासाठी २००० साली मुहम्मद अलींच्या नावाने कायदा झाला. २०२५ साली त्यात बदल करणारे विधेयक आले. अशा बदलाने लढती पटापट लागतील, पण कोणाच्या खर्चाने, हे पाहावे लागेल.

आणि प्रेक्षक खरोखरच संपला आहे का? एप्रिल २०२२ मध्ये केटी टेलर आणि अमांडा सेरानो या दोघींनी मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरून दाखवले. तेथे स्त्रियांची लढत मुख्य म्हणून प्रथमच झाली. ती मी प्रत्यक्ष पाहिली. दहाव्या फेरीत दोघी एका जागी उभ्या राहून लढत होत्या आणि माझ्या शेजारच्या अनोळखी आजींनी माझा हात घट्ट धरला होता. त्या दोघींची फेरलढत नोव्हेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर कोट्यवधी लोकांनी पाहिली, जरी त्यांतील बहुतेक जण ५८ वर्षांच्या टायसनला यूट्यूबवरून प्रसिद्ध झालेल्या जेक पॉलशी लढताना पाहायला आले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये क्रॉफर्डने कनेलो अल्वारेझला हरवले, तेव्हा लास व्हेगासच्या मैदानात सत्तर हजारांहून अधिक लोक होते आणि नेटफ्लिक्सच्या सदस्यांना त्यासाठी वेगळे पैसे पडले नाहीत. यूएफसीनेसुद्धा २०२६ पासून अमेरिकेत पे-पर-व्ह्यू सोडले आहे.

आपली,
(प्रिन्सटन)

*

प्रेषक : एक ज्येष्ठ सभासद, पार्सिपनी
प्रति : सर्व सभासद

ताई,

पन्नाशीच्या दशकाविषयीचा आपला मुद्दा बरोबर आहे आणि माझ्या पत्रात ती उणीव होती. पारेटविषयी आपण लिहिलेले वाचून मी बराच वेळ पुढे काही लिहू शकलो नाही. ज्याला आपण दाद देतो, त्याच्या जिवाची काळजी हा खेळाच्याच हिशोबाचा भाग आहे, आणि बॉक्सरच्या पैशांना मी कधीही नाव ठेवणार नाही.

तरीही नेटफ्लिक्सच्या आकड्यांबाबत एक गोष्ट मनात राहते. टायसन–पॉलसाठी आलेल्या लोकांना टेलर आणि सेरानो सापडल्या, हे त्यांचे भाग्य. पण त्या दोघी आपल्याला २०२२ पासून माहीत होत्या, कारण आपण तेथे होतात. त्या आजींनी आपला हात धरला, हे मी जे सांगू पाहतो आहे त्याच्या फार जवळचे आहे. पडदा असो वा नसो, बॉक्सरला लहानपणापासून ओळखणारी शे-दोनशे माणसे लागतात. म्हणून माझी सूचना बदलतो : सभागृहात मोठी लढत दाखवण्याऐवजी फिलाडेल्फिया परिसरातील एखाद्या छोट्या स्पर्धेची तिकिटे आपण काढू या. चार फेऱ्यांच्या लढती असतील, नावे अनोळखी असतील. मी सोबत येईन आणि ज्यांना गुण कसे मोजतात ते समजून घ्यायचे असेल, त्यांच्याजवळ बसेन.

आपला,
(पार्सिपनी)

*

प्रेषक : क्रीडा समिती
प्रति : सर्व सभासद

सस्नेह नमस्कार.

काकांची सूचना समितीला मान्य आहे. परवान्यासाठी लागली असती त्याहून कमी रक्कम यात खर्च होईल. ज्यांना यायचे आहे त्यांनी येत्या रविवारपर्यंत नावे कळवावीत आणि मुलांना आणणार असल्यास त्यांचे वय लिहावे. त्यावरून मोठ्या गाडीची व्यवस्था ठरवू. प्रिन्सटनच्या ताईंनी मागच्या रांगेतील आसने मागितली आहेत आणि काकांनी रिंगच्या अगदी जवळची.

आपली,
क्रीडा समिती