डाऊन सिंड्रोम: बाळ दूध ओढताना दमतं

प्रश्न: बाळ दीड महिन्याचं. दूध ओठांच्या कडेने ओघळतं, पाच मिनिटांत झोप लागते. वजन रेंगाळलंय. सासूबाई म्हणतात, वरचं दूध सुरू कर. काय करू?

उत्तर 1: स्नायू सैल, जीभ पुढे येते, म्हणून पकड सुटते. बाळाला जरा उभं धरा. तीन बोटं स्तनाखाली, अंगठा आणि तर्जनी बाळाच्या दोन गालांवर, हनुवटी मधल्या बेचक्यात टेकलेली. गाल दाबायचे नाहीत, नुसता आधार. दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा. उरलेलं दूध पिळून वाटी-चमच्याने. वरचं दूध डॉक्टर म्हणाले तरच.

उत्तर 2: आधी सांगा, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला का? या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. पिताना कपाळावर घाम, श्वास भराभर, अशी लक्षणं असतील तर नुसती पकड सुधारून भागणार नाही. स्टेथोस्कोप लावून ‘ठीक आहे’ म्हटलं तरी एको हवाच.

उत्तर 3: टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणीही करा: जन्मानंतर, सहा महिन्यांनी, वर्षाने, पुढे दरवर्षी. सुस्ती, बद्धकोष्ठता ‘या मुलांचं असंच’ म्हणून सोडून देतात, तिथेच थायरॉइड निसटतं. फिजिओथेरपीसाठी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (लहान मुलांच्या लवकर उपचारांचं सरकारी केंद्र) विचारा, मोफत असते.

प्रश्नकर्ती: एको नाही झाला. घाम येतो.

उत्तर 2: मग उद्याच जा. वजनाच्या नोंदी सोबत न्या. ओठ निळसर दिसले तर आत्ताच.