शाळेच्या सहलीत बोटीवर लाइफ जॅकेट पूर्ण वेळ अंगात हवंच का?

जलरेषा (धागाकर्ती)
वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिकांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगावर जॅकेट नव्हतं.

माझं मत ठाम आहे. बोटीत पाय टाकण्याआधी जॅकेट अंगात, आणि परत जमिनीवर उतरल्यावरच ते काढायचं. बाकाखाली रचून ठेवलेली जॅकेटं उपयोगाची नाहीत. बोट अर्ध्या मिनिटातही उलटते. तेवढ्यात ६० मुलांनी आपल्या मापाचं शोधून बकलं लावायची कधी? माप वजनावर ठरतं, इयत्तेवर नाही. पट्टे आवळल्यावर जॅकेटचे खांदे धरून वर ओढून बघा. ते कानापर्यंत सरकलं तर ते त्या मुलाचं नव्हे. लहानग्यांना जांघेतून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि मूल खालून निसटतं.

सुकाणू
उघड्या होडीसाठी शंभर टक्के मान्य. पण "पूर्ण वेळ, सगळीकडे" हा नियम बंद केबिनच्या किंवा पक्क्या छताच्या बोटीत जीवघेणा ठरू शकतो. १०० न्यूटनचं जॅकेट म्हणजे साधारण १० किलोचा वर ढकलणारा जोर. केबिनमध्ये पाणी भरलं की तो जोर मुलाला छताला चिकटवतो. खिडकी आता त्याच्या खाली असते, आणि जॅकेट घालून खाली बुडी मारता येत नाही. अमेरिकेत आर्कान्सामध्ये १९९९ साली 'मिस मॅजेस्टिक' ही छत असलेली पर्यटक-बोट बुडाली, १३ जण गेले. छताखाली अडकणं हा त्या तपासातला मोठा मुद्दा होता. अशा बोटीत आधी बाहेर, मग जॅकेट.

जलरेषा
"आधी बाहेर" हे सांगणार कोण? दक्षिण कोरियात १६ एप्रिल २०१४ रोजी 'सेवोल' बुडाली तेव्हा ३०४ जण गेले, त्यातले २५० एकाच शाळेचे विद्यार्थी. मुलांनी जॅकेटं घातली होती. जहाज कलत असताना त्यांना वारंवार सांगितलं गेलं, जागेवरच थांबा. मुलांनी ऐकलं. बोट आडवी झाली की जाण्यायेण्याची वाट उभ्या विहिरीसारखी होते, तिथून चढून बाहेर येणं मोठ्यांनाही जमत नाही. म्हणून उपाय जॅकेट काढण्यात नाही. शाळेने बंद केबिनची बोट ठरवूच नये.

काटकोन
दोघंही बोट बुडाल्यानंतरचं बोलताय. ती कलते कशाने ते आधी बघा. २० टन वजनाची बोट धरा, स्थैर्याची उंची (मेटासेंट्रिक उंची; ती जितकी जास्त, तितकी बोट कमी कलते) ०.८ मीटर. सरासरी ४० किलोची ६० मुलं, म्हणजे २,४०० किलो. कुणी तरी "ते बघा!" म्हणालं आणि सगळी २ मीटर एका बाजूला सरकली, तर बोट साधारण १७ अंश कलते. तीच मुलं वरच्या डेकवर असतील तर भार उंच गेल्याने स्थैर्याची उंची घटते. ती ०.५ झाली तर हाच कल २५ अंशांच्या पुढे जातो. तेवढ्या कलात ओल्या डेकवर पाय ठरत नाही, मुलं आणखी त्याच बाजूला घसरतात आणि काठावरून पाणी आत येतं. जॅकेटावर वाद घालण्याआधी प्रत्येक मुलाची जागा ठरवा आणि वरचा डेक बंद ठेवा.

सुकाणू
@काटकोन, हिशोब बरोबर, पण दहा वर्षांची मुलं तासभर बाकावर चिकटून बसणार नाहीत. फेरी ४० मिनिटांची ठेवा आणि बाजू पाळीपाळीने दाखवा. उन्हात जॅकेट टोचायला लागलं की मुलं बकलं सोडतात, वरून घातलेलं दिसतं फक्त. लांब फेरीत पूर्ण वेळचा नियम निम्म्या वाटेतच कागदावर राहतो.

हजेरीवही
एक मुद्दा राहिलाच. नावांची यादी दोन प्रतींत हवी, त्यातली एक किनाऱ्यावर थांबणाऱ्या शिक्षकाकडे. बोटीवरची यादी बोटीबरोबर बुडाली तर शोधणाऱ्यांना किती मुलं शोधायची तेच कळत नाही. मोजणी चढताना, सुटण्याआधी आणि उतरल्यावर. मोजताना डोक्याला हात लावून, नाव उच्चारून. आणि "पोहता येणाऱ्यांना सूट" ही मागणी मान्य करू नका. थंड पाण्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, पट्टीचा पोहणाराही पाणी गिळतो.

जलरेषा
@सुकाणू, ४० मिनिटं मान्य. बकलं दर दहा मिनिटांनी हाताने तपासायची, आठ मुलांमागे एक शिक्षक. तेवढे शिक्षक नसतील तर फेऱ्या दोन करा. केबिनच्या बोटीबाबत मात्र मी मागे हटणार नाही.

सुकाणू
आणि पावसाची सर आली की उघड्या बोटीतली ६० मुलं एकाच ताडपत्रीखाली गोळा होतील, त्याचं काय? @काटकोन, तोही हिशोब मांडा.