मोफत इंग्रजी गप्पा, मग बायबल: जपानच्या विद्यापीठांतली ही पद्धत बंद व्हावी का?

निळी छत्री (धागाकर्ता)
एप्रिलमध्ये जपानी विद्यापीठांचं वर्ष सुरू होतं आणि ‘शिनकान’ची, म्हणजे नव्या मुलांना आपापल्या मंडळात ओढण्याची झुंबड उडते. टेनिसवाले, वाद्यवृंदवाले आणि त्यांच्यातच ‘मोफत इंग्रजी संभाषण’चे कागद वाटणारे. तिसऱ्या-चौथ्या भेटीत बायबल बाहेर येतं. माझं म्हणणं सरळ आहे: कागदावर ‘ख्रिस्ती’ हा शब्द नसेल तर तो वाटू नका.

१९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो या पंथात नामांकित विद्यापीठांचे विज्ञान पदवीधर होते. कोरियात सुरू झालेल्या युनिफिकेशन चर्च या पंथावर तर ओळख लपवून भरती केल्याबद्दल खटले झाले. म्हणून अनेक विद्यापीठं नव्या मुलांना आधीच बजावतात, की सर्वेक्षणाच्या नावाने कोणी फोन नंबर मागितला तर देऊ नका. या वातावरणात प्रामाणिक मंडळानेही नाव झाकलं, तर मुलं दोघांना एकाच तागडीत तोलणार.

कोबेची गल्ली
साफ असहमत. जपानात ख्रिस्ती लोक जेमतेम १ टक्का. चर्चचं दार आपणहून ढकलणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आणणार कुठून? इंग्रजीचा तास ही खरी सेवा आहे, आमिष नव्हे. १८७६ मध्ये अमेरिकन प्राध्यापक विल्यम क्लार्क उत्तर जपानातल्या साप्पोरोला आले ते शेतकी कॉलेज उभारायला. त्यांनी बायबलही शिकवलं, म्हणून तिथे शिकलेले ख्रिस्ती विचारवंत उचिमुरा कान्झो आणि ‘बुशिदो’चे लेखक निटोबे इनाझो घडले ना?

निळी छत्री
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. क्लार्कनी काही लपवलं नव्हतं. १८७७ चा, येशूवरच्या श्रद्धेचा करारनामा मुलांनी सह्या करून उघडपणे स्वीकारला. उचिमुरा दुसऱ्या तुकडीतले. ते आले तेव्हा क्लार्क परतलेही होते. वरच्या वर्गातल्या मुलांनी दबाव आणून सही घेतली, असं उचिमुरांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे त्यांनी चर्चसंस्थेबाहेरची ‘मुक्योकाई’ ही ख्रिस्ती चळवळ काढली. या दोन गोष्टींचा संबंध किती, ते तुम्हीच ठरवा.

दुपारची सुट्टी
तुमचं भांडण दारावर चाललंय, गळती मागच्या बाजूला आहे. तिसऱ्या वर्षी ‘शूकात्सु’, म्हणजे नोकरीची शोधाशोध सुरू होते, आणि मंडळ चालवणारी मुलंच गायब होतात. सात-आठ जणांच्या गटातून तीन गेले की उरलं काय? अनेक ठिकाणी मंडळाला मान्यता हवी तर सल्लागार प्राध्यापक, लेखी नियम आणि किमान सदस्यांची यादी लागते, तीही दरवर्षी नव्याने. आकडा घसरला की खोली गेली. म्हणून जबाबदारी दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे शरद ऋतूतच सोपवा, मार्चची वाट पाहू नका. शेवटच्या वर्षातल्यांची नोकरी कोणत्या शहरात लागली हे कळताक्षणी तिथल्या चर्चमधल्या एका माणसाशी गाठ घालून द्या. नुसता पत्ता देऊन कोणी जात नाही. ज्यांच्या नोकरीत रविवारची सुट्टी नसते, त्यांच्यासाठी आठवड्यातल्या संध्याकाळचा गट शोधावा लागतो.

घरचा पेचही आहे. थोरल्या मुलाने बाप्तिस्मा घेतला की घरच्यांचा प्रश्न बहुधा देवाविषयी नसतो. बुत्सुदान, म्हणजे घरातला बौद्ध देव्हारा, आणि पूर्वजांची कबर पुढे कोण सांभाळणार, हा असतो. त्यावर गटात आधी कधी बोलणंच झालेलं नसतं.

कोबेची गल्ली
हे मान्य. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. ‘ख्रिस्ती’ छापलं की निम्मी मुलं कागद हातात घेणार नाहीत.

निळी छत्री
नाही घेतला तर नाही घेतला. जी येतील त्यांना माहीत असेल कुठे आलोत ते. कागदावर मंडळाचं पूर्ण नाव, कोणत्या संस्थेशी जोडलेलं, आणि ‘६० मिनिटं इंग्रजी, नंतर २० मिनिटं बायबल, थांबणं ऐच्छिक’ एवढं हवंच. पहिल्या भेटीत संपर्क क्रमांक घेऊ नका, तुमचा द्या.

दुपारची सुट्टी
आणि मध्ये १० मिनिटांची सुट्टी खरोखर ठेवा. चहा-बिस्किटं त्या सुट्टीत ठेवली की ‘ऐच्छिक’ला अर्थ उरत नाही, कारण यजमानांचं खाऊन लगेच उठणं जपानी मुलाला फार जड जातं. खाणं सुरुवातीलाच उरका. सुट्टीत सगळेच उभे राहू द्या, दार उघडं ठेवा, म्हणजे निघणारा नजरेत भरत नाही.

कोबेची गल्ली
चहा आधी, हे पटलं. पण ‘ख्रिस्ती’ किती मोठ्या अक्षरात छापायचं?

निळी छत्री
‘मोफत’ जेवढ्या मोठ्या अक्षरात छापता, तेवढ्याच.