मदत हवी आहे: शिडाच्या शर्यतीतल्या खेळाडूसाठी फिजिओ

मंडळी, माझी पुतणी मुंबई बंदरात आयएलसीए ६ ही एकट्याने चालवायची शिडाची बोट शर्यतीत चालवते. ऑलिंपिकमध्ये महिलांच्या एकेरी डिंगीसाठी (एकटीने चालवायच्या छोट्या शिडाच्या बोटीसाठी) हाच वर्ग आहे. गेल्या मोसमापासून तिची गुडघ्याची वाटी दुखते, जिना उतरताना तर फारच.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी: वारा वाढला की बोट कलते. ती सपाट ठेवायला पाय पट्ट्यात अडकवून अख्खं अंग काठाबाहेर, पाण्यावर लटकवावं लागतं. याला हायकिंग म्हणतात. मांड्या मिनिटंच्या मिनिटं ताणलेल्याच, वर लाटांचे दणके, आणि हातात शिडाची दोरी सतत ओढायची. कंबरही बोलायला लागते ती त्यामुळेच.

आधी दाखवलेल्या फिजिओंनी धावपटूला देतात तेच व्यायाम दिले आणि वर ‘बोटीत तर बसायचंच असतं ना?’ असं विचारलं. काय बोलणार!

तर मुंबई, पुणे किंवा गोव्यात असे कुणी माहीत आहेत का, ज्यांनी सेलिंगच्या खेळाडूंवर काम केलंय? कुलाब्याच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये (लष्कराचं सेलिंगचं केंद्र) किंवा नौदलात सराव केलेलं कुणी इथे असेल तर फारच बरं. घरी हायकिंग बेंच (जमिनीवर हायकिंगचा सराव करायचा बाक) बनवून घ्यावा म्हणतोय, पण दुखऱ्या गुडघ्याला तो चालेल का? पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा मांड्या, पोट आणि पाठीची ताकद कशी टिकवायची, तेही सांगा. वजन फार उतरूनही चालत नाही, जोराच्या वाऱ्यात तेच कामी येतं.