थायलंडवरून ॲव्होकॅडोची रोपं आणता येतात का?

निफाडकर: मित्र बँकॉकला चाललाय, चार कलमं बॅगेत टाकून आण म्हणालो. एअरपोर्टवर खरंच पकडतात का, आणि कायदा नक्की काय सांगतो?

बागायतदार: दादा, नको, प्लीज नको. मूळ कायदा १९१४ चा, विनाशक कीड आणि रोगांचा, पण रोज चालतो तो २००३ चा प्लांट क्वारंटाईन ऑर्डर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या रोपा-बियांचे नियम. रोपाला आधी आपल्याकडचं इम्पोर्ट परमिट, मग तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोपाला कीड-रोग नसल्याचा दाखला), आणि ठरलेल्या बंदरातून किंवा विमानतळावरूनच एन्ट्री. तपासणीनंतर काही रोपं वेगळी ठेवून वाढवून बघतात, रोग कधी कधी उशिरा दिसतो ना. रोपासोबत माती तर चालतच नाही. कागद नसले तर माल नष्ट करतात किंवा परत पाठवतात.

निफाडकर: फायटो म्हणजे द्राक्ष एक्सपोर्टला लागतो तोच?

बागायतदार: तोच, फक्त उलट्या दिशेने.

सांगलीची_शेती: आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा वेगळा हां, तो औषधांचं रजिस्ट्रेशन, लेबल, विक्री बघतो, लोक दोन्ही एकच समजतात. एक नवीन कीड आली की अख्ख्या तालुक्याच्या बागा भोगतात, त्यामुळे जवळच्या नर्सरीतूनच घ्या.