बंगाली ‘बौदी’ (आपली वहिनी) म्हणजे नुसतं लफडंच का हो?

निशिगंधा_ठाणे:
काल एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "बंगाली रोमान्स म्हणजे रिकामटेकडी बौदी, कोवळा दीर आणि कामात बुडालेला नवरा, बास." खाली नुसत्या हसऱ्या स्मायल्या. रात्रभर डोक्यात किडा वळवळत होता म्हणून लिहितेय. अहो, सत्यजित रे यांचा 'चारुलता' सिनेमा नीट बघा तरी! चारू दुर्बीण घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत धावते, रस्त्यावरची माणसं बघते, आणि मग भूपती पुस्तकात डोकं खुपसून तिच्या समोरून निघून जातो तेव्हा नवऱ्यालाही दुर्बिणीतूनच बघते. दीर अमल अजून घरात आलेलासुद्धा नाहीये, संसार तिथेच मोडलाय. आणि शरदबाबूंच्या, म्हणजे शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या, 'रामेर सुमति' कथेतली नारायणी कोण? तीही बौदीच ना, अडीच वर्षांच्या दिराला, रामला, पोटच्या पोरासारखं वाढवणारी. मामा वरेरकरांनी शरदबाबू मराठीत घरोघरी पोचवले, तरी आपल्याला लक्षात काय राहतं, तर लफडं.

खडूस_काका:
मग अमलचं पत्र आल्यावर चारू ओक्साबोक्शी रडते ती काय तिच्या लिखाणाचा वाचक गेला म्हणून? प्रेमाला प्रेम म्हणायला पैसे पडतात का. आणि 2017 ची 'दुपूर ठाकुरपो' ही बौदीवरची चावट वेब सिरीज कुणी काढली, बंगाल्यांनीच ना?

हावडा_रिटर्न:
काका, मी सहा वर्षं कोलकात्यात काढलीत. गडियाहाटच्या बाजारात मासेवाला माझ्या आईला "ओ बौदी, ताजा इलिश!" म्हणून हाका मारायचा. आई एकदम खूष, घरी आल्यावर कळायचं पावशेर कमी तोललाय. बौदी हा तिकडे रोजचा शब्द आहे, त्यात शृंगार शोधायला सबटायटलवाली नजर लागते.

भाषांतरग्रस्त:
सबटायटल म्हणालात म्हणून, 'बौठान'चं 'भाभी' आणि 'ठाकुरपो'चं 'देवरजी' करणाऱ्यांना कुणी आवरेल का? आपल्याकडे वहिनी-भावोजी आहे की सरळ!

निशिगंधा_ठाणे:
भावोजी नको प्लीज, पैठणी घेऊन कुणीतरी दारात उभं राहिल्यासारखं वाटतं 😄

खडूस_काका:
आणि भावोजी बहिणीच्या नवऱ्यालाही म्हणतात. अमल हा चारूच्या बहिणीचा नवरा का? भाषांतरात हात घालण्याआधी नाती शिका.

भाषांतरग्रस्त:
माझी आजी दिरांना जन्मभर भावोजीच म्हणायची. तुमच्या घरी काय 'अहो मिस्टरांचे धाकटे बंधू' म्हणत होते?

हावडा_रिटर्न:
झालं, मूळ विषय हुगळीत बुडाला.

खडूस_काका:
नाही बुडाला. रवींद्रनाथ टागोरांच्या वहिनी कादंबरीदेवींचं काय? नऊ वर्षांची मुलगी त्या घरात आली तेव्हा रवींद्रनाथ सात वर्षांचे. डिसेंबर 1883 मध्ये रवींद्रनाथांचं लग्न, चार महिन्यांत ही गेली. मग 'चारुलता'ची मूळ कथा, रवींद्रनाथांचं 'नष्टनीड', आभाळातून पडलं?

निशिगंधा_ठाणे:
एका बाईने जीव दिला आणि आपण एकशेचाळीस वर्षं तिच्या नावाने कुजबुजतोय! 'नष्टनीड'चा शेवट तरी वाचलात का? भूपती म्हैसूरला निघतो, चारू म्हणते मलाही ने, तो कचरतो, आणि शेवटी 'चल' म्हणतो तेव्हा तीच म्हणते, "नको, राहू दे." दीर कधीच विलायतेला गेलाय. सगळं दुखणं नवराबायकोचं आहे.

खडूस_काका:
बरं, नारायणी मान्य. 'नको, राहू दे' अर्धं मान्य. भावोजी मात्र अजिबात नाही.